वरचं एक काडतूस

आमच्या घरात बंदुकीची दारू ठेवायला पोलिसांनी परवाना दिला, तेव्हा लेस्टरच्या आमच्या मराठी मंडळींत महिनाभर दुसरा विषय नव्हता. ज्या माणसाने उभ्या जन्मात शँपेनचा ग्लास नुसता ओठाला लावून खाली ठेवला, त्याच्या जिन्याखालच्या कपाटात आता सरकारी परवान्याची दारू. शिवाय अंगात लाल कोट, डोक्यावर उंच काळी टोपी आणि खांद्यावर ठासणीची बंदूक. गणपतीला आलेल्या एकाने तर ह्यांना तोंडावर विचारलं, की डॉक्टर, ज्यांना घालवायला आपली दीडशे वर्षं गेली त्यांच्या फौजेत तुम्ही पेन्शनीत भरती झालात का? हे म्हणाले, मी बंदुकीसाठी जातो, राजासाठी नाही.

इथे अशा हौशी पलटणी पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात एखाद्या जुन्या हवेलीच्या हिरवळीवर तंबू ठोकायचे, दोनशे वर्षांपूर्वीचे कपडे घालायचे आणि तेव्हा लढाई कशी व्हायची ते लोकांना करून दाखवायचं. गोळी नसते. नुसता बार, आवाज आणि धूर. बघणारे आइस्क्रीम खात टाळ्या वाजवतात. मला सुरुवातीला हा सगळा पोरखेळ वाटायचा आणि मी तसं बोलूनही दाखवायची. पण हे रिटायर झाल्यापासून दीड वर्ष खोल्यांतून येरझाऱ्या घालत होते आणि मी त्यांच्या पायात येत होते. तेव्हा दारू काय, ह्यांनी हत्ती आणला असता तरी मी गॅरेज रिकामं केलं असतं.

हे भूलतज्ज्ञ. तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात माणसांना झोपवलं आणि सुखरूप जागं केलं. भूल देणं म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, क्रम, असं ते म्हणायचे. एकामागून एक काय करायचं ते ठरलेलं, आणि ते मनात नाही, मोठ्याने म्हणायचं. चकमकीच्या बंदुकीत त्यांना तेच सापडलं. रांगेपुढे सार्जंट उभा राहून एकेक हुकूम ओरडतो आणि वीस माणसं एकदम तेवढंच करतात.

तो क्रम मलासुद्धा पाठ झाला. काडतूस म्हणजे कागदाची बारीक पुडी. तिची शेपटी दातांनी तोडायची. ह्या दातांनी तोडण्यावरून आपल्याकडे एकदा सबंध हिंदुस्थान पेटला होता, हे मी ह्यांना ऐकवलं, तर म्हणाले, इथे चरबी नाही, गोंद आहे, तू काळजी करू नकोस. मग चिमूटभर दारू बंदुकीच्या कानाजवळच्या, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकाजवळच्या छोट्या वाटीत. ह्या दारूला रंजक म्हणतात. वाटीवर पोलादी झाकण पाडायचं. नंतर बंदूक उभी धरून उरलेली सगळी दारू नळीत ओतायची. कागद आत ठासायचा नाही, खाली टाकून द्यायचा, कारण ठासलेला कागद पेटत बाहेर उडतो. चेहरा नळीच्या तोंडावर कधी आणायचा नाही. बार उडाला नाही तर बंदूक समोर धरून तसंच उभं राहायचं. आत डोकावून बघणारा माणूस एकदाच डोकावतो.

काडतुसं करण्याचं काम माझ्याकडे आलं ते ह्यांच्या बेंगरूळ हातामुळे. शिरेत सुई घालताना जो हात कधी चुकला नाही, त्याला कागदाची घडी जमेना. ह्यांची काडतुसं पोट सुटलेली असायची, खिशात उलगडायची. माझे वडील वैद्य होते. कराडजवळच्या गावात दवाखाना होता आणि शाळेतून आले की मी चूर्णाच्या पुड्या बांधायला बसायची. एक दिवस मी ह्यांच्या हातातली लाकडी कांडी ओढून घेतली, पातळ कागद तिच्याभोवती गुंडाळला, कडेला गोंद लावला, तळ आत मोडला, कांडी काढली आणि ती नळी टेबलावर उभी केली. ती पडली नाही. हे बघतच राहिले.

तेव्हापासून रविवारी दुपारचं जेवण झालं की आमचा कारखाना सुरू. आधी देवघरातलं निरंजन शांत करायचं, गॅस मुख्य नळाशी बंद. अंगावर सुतीच कपडे, कारण नायलॉनची ठिणगीसुद्धा ठिणगीच. टाचणी नाही, स्टेपल नाही, चिकटपट्टी नाही. परवाना ह्यांच्या नावावर, म्हणून हे समोर बसून एकेक माप स्वतः बघायचे. पितळी माप शिगेपर्यंत भरायचं, सुरीच्या पाठीसारख्या लाकडी पट्टीने सपाट करायचं, नळीत ओतायचं, डबा लगेच बंद. शेपटी दोनदा मुडपायची. मग दुसरं. पलटणीत माझ्या काडतुसांचं नाव झालं. एका माणसाने दोन नग संग्रहात ठेवायला मागितले, ते मी दिले नाहीत.

दर खेळाला प्रत्येकाने दहा काडतुसं न्यायची असा नियम होता. मी अकरा करायची. वडील दहा दिवसांचं औषध देताना पुड्या अकरा बांधत. पूर्ण आकड्याच्या शेवटी शून्य असतं, आणि शून्य हातात देऊन कुणाला उंबऱ्याबाहेर पाठवू नये, असं ते म्हणायचे. आहेराच्या पाकिटात आपण वर एक घालतो तसंच ते. ह्यांना ते अजिबात मान्य नव्हतं. ऑपरेशन झाल्यावर कापसाचा एक बोळा कमी निघाला काय आणि एक जास्त निघाला काय, दोन्ही सारखंच भयंकर, असं त्यांचं शास्त्र. म्हणून दर रविवारी मी चामडी पेटीत अकरा लावायची, आणि हे त्यातलं एक उचलून माझ्यापुढे ठेवायचे. म्हणायचे, "तुझ्या वडिलांची पुडी परत घे." चार वर्षांत हे वाक्य एकदाही चुकलं नाही.

विसरणं कधी सुरू झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. पहिल्यांदा चहात चहाच नाही, नुसतं दूध, पाणी आणि आलं. मग नेहमीच्या रस्त्यावर गाडी उभी करून बसून राहिले, तेव्हा मी डोळ्यांचं निमित्त काढून गाडी माझ्या हातात घेतली. शर्टाची बटणं लावता लावता मध्येच थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी काही न बोलता पुढचं बटण लावायची. डॉक्टर माणूस, त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण ते बोलले नाहीत आणि मीही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

रांगेत मात्र ते पूर्ण होते. हेच मला सांगायचं आहे, कारण पुढचं सगळं ह्यावरून झालं. घरात पुढे काय करायचं ते सांगणारं कुणी नसतं. तिथे सार्जंट ओरडायचा आणि ह्यांचे हात आपोआप चालायचे. पाठ ताठ, हनुवटी वर. मी घडीच्या खुर्चीत बसून थर्मासातला चहा पीत बघायची, आणि तेवढा वेळ मला माझा नवरा परत मिळायचा. मेमरी क्लिनिकचं पत्र आलं होतं. तिथे एकदा नाव लागलं की पोलिसांना कळवावं लागणार, परवाना जाणार, बंदूक जाणार आणि ती रांगही जाणार. मी ते पत्र चादरींच्या कपाटात ठेवलं. क्लिनिकला फोन करून सांगितलं, की आम्ही भारतात जातोय.

एक गोष्ट मी विचारात घेतली नव्हती. खेळाच्या शेवटी हुकूम थांबतात. शेवटचे तीन बार ज्याने त्याने आपल्या वेगाने भरायचे आणि उडवायचे असतात. प्रेक्षकांना तेच सगळ्यात आवडतं.

जूनमधल्या पहिल्या खेळाच्या आधीच्या रविवारी मी पेटीत अकरा लावली आणि ह्यांच्यापुढे सरकवली. ह्यांनी झाकण लावलं, पट्टा आवळला आणि पेटी बाजूला ठेवली. मी वाट बघितली. ते उठून खिडकीशी गेले आणि म्हणाले, बाहेर छान ऊन पडलंय. मी बोलू शकले असते. अहो, वडिलांची पुडी राहिली, एवढंच. पण तसं म्हटलं असतं तर ते विसरले हे त्यांनाही कळलं असतं, आणि मला त्यांचा चेहरा बघवला नसता. असू दे, मी मनात म्हटलं, एक जास्त असल्याने कुणाचं वाईट होत नाही.

खेळात आठ बार असतात. पाच हुकमाने, तीन आपापले. म्हणजे शेवटी प्रत्येकाकडे दोन काडतुसं उरायला हवीत. सगळं झालं की सुरक्षेचं काम बघणारी बाई रांगेतून फिरते. शाळेच्या लॅबमध्ये नोकरी केलेली, कडक बाई, मी तिला मोजणीवाली म्हणायची. ती प्रत्येक नळीत गज सोडायला लावते. नळी रिकामी असेल तर टण्ण असा आवाज येतो, आत काही असेल तर नुसतं धप्प. मग पेटी उघडून उरलेली काडतुसं मोजते. त्या दिवशी ह्यांच्याकडे तीन निघणार म्हणून मी आपली चूक कबूल करायला तयारच बसले होते. मोजणीवालीने बोट फिरवलं, मान हलवली आणि पुढे गेली.

घरी आल्यावर मी पेटी उघडली. दोन. पुन्हा मोजली तरी दोनच. मग ह्यांचा कोट झटकायला घेतला तर उजव्या बाहीच्या काठाला करपल्याचा डाग होता. आपापल्या बारांच्या वेळी एक आवाज फार जड आला होता आणि माझ्या शेजारच्या बाईने दचकून चहा सांडला होता, तेही आठवलं. मी वैद्याची मुलगी आहे, मला हिशेब कळतो. अकरा नेली, दोन उरली, म्हणजे आठ बारांत नऊ काडतुसं गेली. एकदा भरलंय हे विसरून ह्यांनी पुन्हा भरलं होतं. आणि पेटीतलं काढायला विसरले होते, म्हणून ते कुणाला कळलं नाही. दोन विसरणी एकमेकांत जिरली होती.

मी कोटाचा डाग ब्रशने घासून काढला आणि कोट टांगून ठेवला.

ऑगस्टच्या खेळाआधी पुन्हा रविवार आला. पुन्हा अकरा लावली. पुन्हा हे काही बोलले नाहीत. जूनमध्ये ती रीत होती, मान्य. पण आता मला माहीत होतं की ते अकरावं कशाला उपयोगी पडतं. एक जास्त निघालं तर माझी चूक म्हणून सांगता येईल. नाही निघालं तर कुणाला काही कळणार नाही. दोन्हीकडून ह्यांची जागा शाबूत. माझ्या हाताने मी ते अकरावं पेटीत नीट बसवलं. ह्याला लबाडी म्हणतात, दुसरा शब्द नाही.

ह्यांच्या उजव्या हाताला नेहमी एकच गृहस्थ उभे असायचे. जन्मभर बस चालवलेले, एकटे राहणारे, गालावर पांढरे कल्ले. ह्यांना 'डॉक' म्हणायचे. खेळ संपला की स्वतःच्या फ्लास्कमधला चहा आधी ह्यांना द्यायचे. मी त्यांना बसवाले म्हणायची, आणि ते कळल्यावर त्यांनी तो शब्द शिकून घेतला. फोनवर स्वतःच म्हणायचे, बसवाले स्पीकिंग.

बंदुकीचा कान उजवीकडे असतो. नळीत दारू पेटली की कानातूनही एक ज्वाळा बाहेर येते. शेजाऱ्याला लागू नये म्हणून तिथे पितळेचा लहान आडोसा बसवलेला असतो, आणि तो एका काडतुसाच्या दारूपुरताच पुरतो. ऑगस्टमध्ये सातवा बार झाला तेव्हा मला धुरात काही दिसलं नाही. तोच जूनचा जड आवाज आला. मग धूर सरकला आणि बसवाले गुडघ्यांवर बसलेले दिसले, डाव्या कानावर दोन्ही हात धरून. हे बंदूक टाकून त्यांच्याजवळ खाली बसले होते. डोळा बघत होते, नाडी बघत होते, पाणी मागत होते. तो क्रम ते विसरले नव्हते.

डोळा वाचला. डावा गाल भाजला आणि कान गेला. अँब्युलन्स त्यांना घेऊन गेली. मग मोजणीवालीने रांगेतल्या सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. खेळ तिथेच संपल्यामुळे उरायला हवी होती तीन. तिने ह्यांची पेटी हिरवळीवर उघडली. तीन. तिने गज सोडला, टण्ण वाजलं. मग उरलेली तिन्ही काडतुसं फोडून त्यांतली दारू मापात ओतून बघितली. तिन्ही काठोकाठ, कमी नाही जास्त नाही. ती माझ्याकडे वळली. फार सौम्यपणे म्हणाली, की मोजणी बरोबर आहे, तेव्हा उडालेल्यातल्या एखाद्या काडतुसात दारू चुकून दुप्पट पडली असेल का? घरी बनवताना असं होऊ शकतं, कुणी दोष देणार नाही.

हो म्हणायचं होतं, बस्स. माझी काडतुसं बंद झाली असती, ह्यांनी दुसऱ्याची घेतली असती आणि ते रांगेत राहिले असते. मी तोंड उघडलं. तेवढ्यात हे उभे राहिले. लाल कोटावर बसवाल्यांच्या गालाला लावलेलं पाणी सांडलेलं होतं. इंग्रजीत म्हणाले, माझ्या बायकोचं माप चुकत नाही. मी प्रत्येक माप समोर बसून बघतो. शंका घ्यायची तर माझ्यावर घ्या.

त्यानंतर माझ्याच्याने हो म्हणवेना. मी सांगितलं, की पेटीत दहा नव्हती, अकरा होती.

मोजणीवालीला एकदम कळलं नाही. ह्यांना कळलं. ते माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "मी ते काढलं नाही?"

मी म्हटलं, "नाही काढलंत, अहो."

त्यांनी पट्टा काढला, बंदूक उचलून मोजणीवालीच्या हातात दिली आणि तिला म्हणाले, की म्हणजे मी दोनदा भरलं. ही पुन्हा माझ्या हातात देऊ नका.

वर एक घालायची आमची रीत मी सगळ्यांना समजावून सांगितली. लोक इतके चांगले वागले की मला तिथे उभं राहवेना. किती सुंदर रीत आहे, असं सार्जंटची बायको म्हणाली. मोजणीवालीने माझा हात धरला. जूनमध्ये मी दोन मोजली होती, डाग घासला होता आणि तरी ऑगस्टमध्ये अकरावं जाणूनबुजून घातलं, हे मी कुणालाच सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. गाडीत ते एकच वाक्य बोलले. "अगं, तीस वर्षांत मी एकाही पेशंटला हर्ट केलं नाही." मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले.

मग क्लिनिक झालं, पोलीस येऊन कपाट रिकामं करून गेले, आणि हिवाळ्याभरात ह्यांचं पुष्कळ काही गेलं. पलटणीचं नाव गेलं, हवेली गेली, माझ्या धाकट्या बहिणीचं नाव गेलं. का कोण जाणे, बसवाले राहिले. पण तुकड्यातुकड्यांनी. सकाळी चहा घेता घेता विचारायचे, की त्याच्या गालाला काय झालं? मी सांगायची. प्रत्येक वेळी त्यांना ते नव्याने कळायचं आणि प्रत्येक वेळी ते तितकेच ढासळायचे. म्हणायचे, "चल आत्ताच्या आत्ता. आय मस्ट अपॉलजाइज. मी अजून गेलोच नाही म्हणजे काय?"

पहिल्यांदा गेलो तेव्हा ठीक होतं. दुसऱ्यांदा मी दारातच बसवाल्यांच्या कानाशी, उजव्या, पुटपुटले की ते विसरलेत, पुन्हा आलेत. त्यांनी मान हलवली आणि आम्हाला आत घेतलं. ह्यांनी खुर्चीच्या कडेला बसून, हात जोडून, पहिल्यांदा मागितली तशीच माफी मागितली. बसवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं, जसं काही पहिल्यांदाच ऐकताहेत. मग म्हणाले, इट्स ऑल राइट, डॉक. उठून किटली लावली. असं तिसऱ्यांदा झालं, चौथ्यांदा झालं, पाचव्यांदा झालं. आधी फोन करायचा, मग जायचं. त्या माणसाने एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. आणि दर खेपेला मी शेजारी बसून माझ्या नवऱ्याला माझ्या पापाची माफी मागताना बघत होते. तोंड शिवल्यासारखी बसायची आणि बिस्किटं संपवायची.

सहाव्या वेळी मार्च होता. माफी झाली, चहा झाला. हे मागच्या बागेत पक्ष्यांना दाणे घालायला गेले, ते त्यांना फार आवडायचं. आम्ही दोघं सोफ्यावर होतो. मी म्हटलं आता नाही तर कधीच नाही. मांडीवरच्या बशीकडे बघत मी पुटपुटत सगळं सांगितलं. पेटीतली दोन, बाहीचा डाग, ऑगस्टमध्ये हाताने बसवलेलं अकरावं. शेवटपर्यंत सांगितलं. बसवाले टीव्हीच्या कोऱ्या पडद्याकडे बघत चहा पीत होते. मग त्यांना माझे ओठ हलल्यासारखे दिसले असावेत. त्यांनी मान वळवून विचारलं, "सॉरी लव्ह, काही म्हणालीस का? ह्या बाजूने मला ऐकू येत नाही."

मी त्यांच्या डाव्या हाताला बसले होते.

काही नाही, चहा छान झालाय, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य जिभेवर आलंसुद्धा होतं. मी उठले, त्यांच्यासमोरून गेले, उजव्या बाजूला खुर्ची ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण असतं, कारण पुढे कुठलं वाक्य येणार आहे ते आपल्याला माहीत असतं.

त्यांनी कप खाली ठेवला. बराच वेळ बागेतल्या ह्यांच्याकडे बघत राहिले. मग सावकाश बोलले. ह्यांचं विसरणं त्यांच्या ध्यानात अगदी सुरुवातीलाच आलं होतं. रांगेत हे कधी कधी हळूच विचारायचे, की आता पुढे काय, आणि ते तसंच हळूच सांगायचे. बाराचा आवाज लागू नये म्हणून रांगेत सगळेच कानांत बुचं घालतात, पण ह्यांचं कुजबुजणं ऐकू यावं म्हणून ते डाव्या कानातलं बूच काढून ठेवायचे. दुसऱ्या कुणाला त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

"जूनमध्ये मला शंका आली होती की डॉकने दोनदा भरलं," ते म्हणाले. "म्हणून मोजणीच्या वेळी मी मुद्दाम वाकून त्याच्या पेटीत बघितलं. दोन होती. मला वाटलं, मीच म्हातारा झालोय, भलतंच काहीतरी दिसायला लागलंय. एक उरलेलं दिसलं असतं तर मी त्याच दिवशी त्याला घेऊन बाजूला झालो असतो. चहा पीत बसलो असतो दोघं."

मी माफी मागितली. इंग्रजीत मागितली, मग मराठीतही तोंडातून निघाली. ते रागावले नाहीत. पण जे वाक्य ह्यांना त्यांनी सहा वेळा दिलं होतं, ते मला एकदाही दिलं नाही. हे आत आले, हातावर दाण्यांचा चुरा होता. बसवाल्यांनी त्यांना टॉवेल दिला आणि दारापर्यंत सोडायला आले. तिथे मला थांबवून हलक्या आवाजात म्हणाले, की डॉकला घेऊन येत जा, हवं तितक्या वेळा. फक्त आत त्याला एकट्याला पाठव.

आम्ही अजून जातो. मी फोन करते, गाडी फाटकाशी लावते आणि ह्यांच्या कोटाचं वरचं बटण लावून त्यांना दारापर्यंत सोडते. मग येऊन गाडीत बसते. समोरच्या खिडकीतून दोघांची डोकी दिसतात. हे हात जोडतात, बसवाले मान वळवून उजवा कान त्यांच्याकडे करतात. ऐकू मला काहीच येत नाही, काचा बंद असतात. पाऊण तासाने हे बाहेर येतात, गाडीत बसून सीटचा पट्टा लावतात आणि सुटल्यासारखे म्हणतात, "बरं झालं गेलो. ही वॉज व्हेरी काइंड. तूही आत यायला हवं होतंस."

मी म्हणते, पुढच्या वेळी येईन.